छान आहे

‘छान आहे,’ मी म्हटलं आणि ग्लास खाली ठेवला. झालं ते एवढंच. शिरोड्याजवळच्या एका माडाच्या बागेत जानेवारीची दुपार कलत आली होती. आम्ही नऊ जण सुंभाच्या खाटांवर आणि पालथ्या घातलेल्या आंब्याच्या क्रेटवर बसलो होतो, मध्ये मासळीच्या बर्फाची थर्माकोलची पेटी, आणि पेटीत प्रत्येकाने घरून करून आणलेल्या बिअरच्या बाटल्या. देवगडचा एक मुलगा पहिल्यांदाच आला होता. चोविसेक वर्षांचा असेल, वडिलांची हापूसची कलमं सांभाळतो. त्याची ही आयुष्यातली पहिली बिअर, जेमतेम ८ लिटर केलेली, त्यातल्या सहा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तो एवढ्या लांबून दुचाकीवर घेऊन आला होता. त्याने प्रत्येकाच्या ग्लासात सारखी ओतली. रंग सुरेख होता, उन्हात धरलेल्या मधासारखा. फेसही बरा धरला होता. मी ग्लास नाकाशी नेला आणि नाकात दवाखाना शिरला. जखमेवर चिकटवायची पट्टी, नुकतीच फिनेलने पुसलेली फरशी. घोट घेतला तर तोच वास घशाच्या मागून पुन्हा वर आला.

‘दादा, कशी झाली हा? खरां सांगा हां,’ तो म्हणाला. त्याच्या हातात ग्लास नव्हता. स्वतःची बिअर तो प्यायलाच नव्हता, आमच्या तोंडांकडे बघत उभा होता.

‘छान आहे,’ मी म्हटलं.

चार दिवसांनी त्याचा आवाजी निरोप आला. ‘दादा, तुमका आवडली म्हणान आता वीस लिटर लावतंय. पुढच्या बैठकेक सगळ्यांका पुरतली.’ मागे कोंबडा आरवत होता आणि कुणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं. मी तो निरोप तीन-चार वेळा ऐकला. वीस लिटर म्हणजे पाच किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, एक अख्खा दिवस चुलीपाशी, मग तीन-चार आठवडे वाट पाहणं. आणि शेवटी पुन्हा तीच ओली फरशी. माझ्या दोन शब्दांवर त्याने हे सगळं मांडलं होतं.

मला वास कळला नसता तर गोष्ट वेगळी. पण माझं पोट नाकावर चालतं. वेंगुर्ल्यात माझा कोकमाच्या सरबताचा आणि आगळाचा, म्हणजे कोकमाच्या दाट रसाचा, छोटा धंदा आहे, आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायच्या दिवसांत एका पिंपात जरी आंबूस वास आला तरी तो मला दारातून कळतो. त्या मुलाच्या बिअरमध्ये काय झालं होतं हे मला पहिल्या हुंगण्यातच कळलं होतं. माल्टमध्ये फिनॉल असतात, बिअर आंबवणारं यीस्टही थोडे तयार करतं, आणि त्यांना क्लोरीन भेटलं की क्लोरोफिनॉल तयार होतं. ते अब्जात काही भाग एवढं जरी असलं तरी माणसाचं नाक ते पकडतं. वीस लिटरच्या पिंपात एका थेंबाहूनही कमी. यात मुलाच्या कष्टाचा काही दोष नसतो, दोष असतो पाण्याचा. म्हणजे सांगायला किती सोपं होतं. ‘पाण्यात क्लोरीन होतं रे,’ एवढंच. तरी माझ्या तोंडून निघालं ते ‘छान आहे’.

आमच्या या बैठका वर्षातून दोन-तीनदा होतात, कधी शिरोड्याला, कधी मालवणला, एकदा गुहागरला झाली होती. पैशाचा व्यवहार आमच्यात अजिबात नाही, विकण्याचं नाव कुणी काढत नाही. प्रत्येकाने आपली बाटली आणायची आणि दुसऱ्याची चाखायची. चाखायची म्हणजे चहाच्या कटिंग ग्लासात तळापासून दोन बोटं, त्याहून जास्त नाही. हा नियम मी धरून आहे, कारण माझ्या धाकट्या मामाला दारूने नेलं, आणि आई अजूनही माझ्या फर्मेंटरच्या खोलीत पाऊल ठेवत नाही. तिच्या त्या न येण्याचा मला राग नाही. पण वाईट वाटतं, कारण मी तिथे जे करतो त्यात तिच्या स्वयंपाकघरातलं बरंच काही आहे: धान्य भिजवणं, ऊन पाणी हाताच्या अंदाजाने ओळखणं, झाकून ठेवणं आणि झाकण उघडण्याचा मोह आवरणं. बैठकीत आधी फिक्या बिअर, मग गडद, शेवटी आंबट. मधे साधा पाव आणि पाणी. शेजारच्या घरात बांगडे तळायला घेतले की आम्ही थांबतो, कारण त्या वासापुढे कशाचंच काही चालत नाही. ग्लास मुठीत धरून जरा कोमट करायचा, कारण बर्फाच्या थंडीत चूक लपते. मग हुंगायचं, मग घोट, मग घोट गिळून नाकाने श्वास बाहेर सोडायचा. त्या सोडलेल्या श्वासात बिअर खरं काय ते सांगते. हे सगळं आम्ही मन लावून करतो. आणि एवढं सगळं करून झाल्यावर बोलतो मात्र ‘छान’.

आजी असती तर तिला हे कळलं नसतं. आमच्या वाडीत लोणची, मिरगुंडं, सांडगे, आगळ यांच्या वाट्या घरोघरी फिरायच्या. वाटी आली की आजी पदराला हात पुसून दारातच बोट बुडवायची. जीभ टाळ्याला लावून क्षणभर कुठेतरी लांब बघायची, जणू त्या चवीत कुणाचा तरी चेहरा शोधते आहे. आणि मग सरळ सांगायची. ‘मीठ कमी पडलाहा गो. आठ दिसात बुरशी धरतली.’ समोरची काकू रागावलेली मी कधी पाहिली नाही. ती लगेच घरी जाऊन बरणीत मीठ घालायची, कारण बरणीभर लोणचं वर्षभर टिकणार की नाही हा घराच्या पोटाचा प्रश्न होता. आणि आजीच्या त्या बोलण्याआधी आणि नंतर एक गोष्ट ठरलेली असायची: वाटी रिकामी परत जायची नाही. चिमूटभर साखर का होईना, चार सुकी आमसुलं का होईना, वाटीत काहीतरी घालूनच ती परत द्यायची. दोष सांगायचा आणि वाटी भरून पाठवायची, या दोन गोष्टी तिच्या हातून एकाच दमात व्हायच्या. लहानपणी मला वाटायचं की वाटीत साखर घालणं ही नुसती रीत आहे. आता वाटतं, त्या साखरेमुळेच तिला खरं बोलता येत होतं.

आमच्या मागच्या बाजूला एक भंडारी काका होते, माडी काढायचे. सकाळी उजाडायच्या आत माडावर. खाली उतरले की कमरेचं मडकं सोडायचे आणि आधी स्वतःच्या तळहातावर चार थेंब घ्यायचे. तळहात चाटायचे. मग आम्हा पोरांना मिळायची, अजून गोड असलेली, पांढुरकी, किंचित जिभेला चावणारी. कुठल्या माडाची आहे हे ते डोळे मिटून सांगत. विहिरीकडचा माड, गोठ्याकडचा माड. माडी कशी बदलते हे मी त्यांच्या पडवीत बसून शिकलो: सकाळी गोड, दुपारी फसफसलेली, संध्याकाळी आंबटसर, आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेला लागलेली. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावायचा, म्हणजे ती आंबत नाही. माडी हवी असेल तर मडकं घासून लख्ख करायचं नाही, कालचा जो ओशट थर राहतो त्यातूनच आजची आंबते. यीस्ट हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल. डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने १८८३ साली यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवली, आणि जगभरची बिअर तिथून बदलली. काकांच्या मडक्यात शुद्ध असं काही नव्हतं, सगळ्या वाडीची हवा होती. पण एखाद्या दिवशी मडकं बिघडलं, तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर ‘आज बरी नाय, घेव नको’ म्हणून सांगायचे आणि सगळी माडाच्या बुंध्याशी ओतून टाकायचे. तो ओतण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटेपासूनची मेहनत मातीत जिरताना फार थोडा आवाज होतो.

मी स्वतः बिअर करायला लागलो त्याला दहा-बारा वर्षं झाली. पहिली बिअर मी कुडाळच्या एका निवृत्त सरांकडे घेऊन गेलो होतो. रसायनशास्त्र शिकवायचे, आमच्या सगळ्यांच्या आधीपासून ते हे करत होते. त्यांच्या घरी परीक्षेला बसल्यासारखा बसलो. सरांनी ग्लास उचलला, हुंगला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. चांगली की वाईट, काहीच बोलले नाहीत. म्हणाले, ‘किती दिवस ठेवलीस?’

‘सहा दिवस, सर. बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरल्या.’

‘हं. आता परत हुंग, आणि घरात काय कढवताना हा वास येतो ते सांग.’

मी हुंगलं, आणि चटकन लक्षात आलं. लोणी! लोणकढं तूप होण्याच्या जरासं आधीचं लोणी. मी ती बिअर आठवडाभर कौतुकाने पीत होतो आणि मला तो वास दिसलाच नव्हता. सरांनी मग समजावून सांगितलं. यीस्ट साखर खाताना मागे थोडा केर सोडतं, त्यातून डायअॅसिटिल होतं, तेच हे लोणी. पण साखर संपली तरी यीस्टला तिथेच उबेत दोन-तीन दिवस राहू दिलं तर ते स्वतःच हा केर परत उचलतं. ‘पाहुणे गेले की घर झाडून काढायला वेळ लागतो ना? तेवढा वेळ त्यांना दे.’ आणि उठून त्यांनी आत जाऊन स्वतःच्या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या, माझ्या पिशवीत ठेवल्या. परत येताना वेंगुर्ल्यापर्यंत मी त्या बाटल्यांचा एकमेकींवर आपटणारा आवाज ऐकत होतो. उगाच वाटत राहिलं की आपल्याला कुणीतरी आत घेतलं आहे.

चाखून झाल्यावर आधी प्रश्न विचारायचा, ही सरांची पद्धत. पाणी कुठलं? मॅश, म्हणजे ऊन पाण्यात भिजवलेलं धान्य, किती अंशावर धरलास? झाकण कधी उघडलंस? त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देता देता आपली चूक आपल्यालाच सापडायची. त्यांनी शोधून दिली असं कधी वाटायचं नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात सरांना कोरोना झाला. त्यातून ते उठले, पण नाक गेलं. काही महिन्यांनी थोडं परत आलं ते वेडंवाकडं: कॉफीला जळकट रबराचा वास, कांद्याला गटाराचा, आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांना कसलाच नाही. आम्ही म्हटलं, सर, तुम्ही नुसते येऊन बसा. ते आले नाहीत. त्यांनी आपली मोठी पातेली, थर्मामीटर, बिअरमधली साखर मोजायचा हायड्रोमीटर आमच्यात वाटून टाकलं. हायड्रोमीटर माझ्याकडे आहे, काचेच्या नळीत कापूस घालून त्यांनी स्वतः आणून दिला. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. काय घेऊन जायचं हेच कळेना. ज्या माणसाने मला वास घ्यायला शिकवलं त्याच्यासमोर बाटली उघडायची म्हणजे त्याच्या जखमेवर बोट ठेवणं, असं मला वाटत होतं. आता मागे वळून बघतो तेव्हा दिसतं की आमची ‘छान’ तेव्हापासून सुरू झाली. प्रश्न विचारणारं माणूस मंडळातून उठून गेलं, आणि उरलो ते आम्ही एकमेकांना जपत बसलो.

त्या दिवशी माझी बिअरही चाखली गेली होती. कोकम घातलेली गोझ. गोझ ही जर्मनीतली जुनी आंबट बिअर, गोस्लार गावची, नंतर लाइप्झिगला नावारूपाला आली. तिच्यात मीठ आणि धणे घालतात. १५१६ साली बव्हेरियाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच चालेल असा नियम केला, तरी ही मिठाची बिअर आपल्या मुलखात टिकून राहिली. मी पहिल्यांदा तिच्याविषयी वाचलं तेव्हा वाटलं, आंबट, खारट, धण्याचा वास, ही तर आपल्या तिवळाची, कोकमाच्या त्या खाऱ्या पेयाची, चुलत बहीण आहे. तेव्हापासून ती आपल्या पाण्यात, आपल्या कोकमात करायची असं मनात होतं. शिरोड्याच्या मिठागराचं मीठ घेतलं, जिथे १९३० साली लोकांनी लाठ्या खाऊन मीठ उचललं होतं. घरचे धणे भाजून भरडले. आगळ घातलं. रंग असा आला की ग्लास उन्हात धरला तर बोटांवर गुलाबी सावली पडत होती. सगळे म्हणाले, छान आहे. वा, फारच छान. मी खूश झालो होतो. देवगडच्या मुलाच्या वेळी माझं तोंड उघडलं नाही त्यात या खुशीचाही वाटा असणार.

निरोप आल्यावर त्या रात्री मी त्याने दिलेली बाटली उघडली. एकच उरली होती, फ्रिजच्या दारात, वर्तमानपत्रासकट. घरात सगळे झोपले होते. ग्लास हातात धरून कोमट होऊ दिला. दवाखाना तसाच होता, उलट जास्तच. पण यावेळी मी तिथे थांबलो नाही, त्याच्याखाली काय आहे ते शोधत राहिलो. आणि सापडलं. नुकत्याच भाजलेल्या पावाची कड, संत्र्याच्या सालीचा हलका वास, आणि शेवटी जिभेवर स्वच्छ कडवटपणा, कुठेही न चिकटणारा. या मुलाचा हात चांगला होता. मॅश त्याने नीट धरला होता, हॉप्स योग्य वेळी घातले होते. हे सगळं त्या एका वासाखाली गाडलं गेलं होतं. त्याला मी ना वाईट सांगितलं होतं ना हे चांगलं. ‘छान आहे’ मध्ये दोन्ही बुडालं होतं.

रविवारी पहाटे गाडी काढली. परुळे, मालवण, आचरा, मिठबाव, कुणकेश्वर. सागरी रस्त्याने जाताना खाडीवरच्या प्रत्येक पुलावर वास बदलतो: एकीकडे चिखल, दुसरीकडे सुकत घातलेली मासळी, आणि आचऱ्याच्या पुढे गेलं की आंब्याचा मोहोर. त्या दिवसांत देवगडच्या वाटेवर मोहोराचा वास इतका दाट असतो की काच खाली केली तर अंगाला चिकटेल असं वाटतं. मी सरांचा हायड्रोमीटर बरोबर घेतला होता. का ते मला सांगता येणार नाही, त्याची काही गरज नव्हती.

मुलगा कलमांत फवारणी करून आला होता. आईने चहा आणि खापरोळ्या पुढे ठेवल्या. मागच्या पडवीत त्याने सगळी मांडणी दाखवली. स्टीलचं मोठं टोप, धान्य भिजवायला शिवून घेतलेली कापडाची पिशवी, पाण्याचा २० लिटरचा जार, त्याच्या झाकणाला भोक पाडून बसवलेला एअरलॉक, आतला वायू बाहेर सोडणारा पण बाहेरची हवा आत न घेणारा. जारभोवती ओला पंचा. सगळं झाडून पुसून ठेवलेलं. टोपाच्या कडेला त्याने खिळ्याने लिटरच्या खुणा करून घेतल्या होत्या, सरळ, एका अंतरावर. मी त्या खुणांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘पाणी कुठलं वापरलंस?’

‘बावीचा, दादा. आमच्या बावीचा पाणी गोड असा.’

‘आणि उकळून झाल्यावर? वरून काही घातलंस?’

तो थांबला. ‘आटला होता. म्हणान दोन लिटर वरसून घातलंय. बाटल्येव तेच्यानंच इसाळलंय.’

‘विहिरीत टीसीएल टाकतात? क्लोरीनची पावडर?’

त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, जलसुरक्षक येतो ना ग्रामपंचायतीचा, त्या आठवड्यात येऊन गेला होता. पाण्याला वास येत होता चार दिवस. मुलगा काही बोलला नाही. मग उठून आत गेला आणि स्वतःच्या बिअरची बाटली घेऊन आला, उघडली, आणि पहिल्यांदा माझ्यासमोर हुंगली. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी ओळखलं. कुडाळच्या खोलीत, घड्याळाच्या आवाजात, माझ्याही चेहऱ्यावर तेच झालं असणार.

‘तुमका त्या दिवशीच कळला होता?’

‘हो.’

‘मगे?’

मी म्हटलं, चुकलं माझं. दुसरं काही म्हणायला नव्हतं. मग त्याला पाव आणि संत्र्याच्या सालीचं सांगितलं, स्वच्छ कडवटपणाचं सांगितलं. तो ऐकत होता पण पहिल्या वाक्यापाशीच थांबला होता, हे मला दिसत होतं. नंतरचं चांगलं बोलणं आधीच्या खोट्याच्या सावलीत पडतं. आजीने हे दारातच उरकलं असतं.

क्लोरीनचा उपाय त्याला माझ्या धंद्यातलाच सांगितला. सरबतवाल्यांना केएमएस माहीत असतं, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, फळांचा रस टिकवायला वापरतात ते. वीस लिटर पाण्याला चिमटीच्या टोकावर मावेल एवढं पुरतं, ढवळायचं, काही मिनिटांत क्लोरीन जातं. आणि वरून कच्चं पाणी कधीही घालायचं नाही, उकळून गार केलेलं ठेवायचं. आणखी एक गोष्ट मी घेऊन गेलो होतो, बर्फात ठेवलेली, जॅमच्या बरणीत. माझ्या शेवटच्या बिअरच्या तळाचा गाळ, क्वाइक यीस्टचा. हे यीस्ट नॉर्वेच्या शेतकऱ्यांचं. थंड देशातलं असून त्याला उकाडा मानवतो, ३५ अंशांतही ते बिघडत नाही, म्हणून आपल्या किनाऱ्यावर ते फार कामाचं. तिकडचे शेतकरी ते लाकडाच्या कड्यांवर सुकवून ठेवत, आणि एखाद्याचं बिघडलं तर तो शेजाऱ्याच्या दारात जाऊन मागून आणी. विरजण संपलं की आपण मागतो तसं. पिढ्यान्‌पिढ्या ते असंच या घरातून त्या घरात फिरत राहिलं. मी बरणी त्याच्या आईच्या हातात दिली. तिने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, ‘ह्यां तर आंबोळ्यांच्या पिठासारख्या वासता.’ परत निघालो तेव्हा तिने ती बरणी धुऊन, त्यात कुळथाचं पीठ भरून माझ्या हातात दिली. यीस्ट तिने दुसऱ्या भांड्यात काढून घेतलं होतं.

येताना मी सरळ घरी आलो नाही, मालवणहून आत वळून कुडाळला गेलो. गोझची एक बाटली गाडीत होती. सरांनी दार उघडलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं. ‘आण,’ म्हणाले. त्यांनी ग्लास सवयीने नाकाशी नेला, मग हसले आणि खाली घेतला. घोट घेतला. तोंडात ठेवला. जिभेचं सगळं शाबूत आहे, खारट, आंबट, कडू, गोड, बुडबुड्यांचं टोचणं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा एवढंच म्हणाले, ‘मीठ कुठून कुठून घातलंस?’

‘मिठागराचं घातलं, सर. पंधरा ग्रॅम.’

‘आणि?’

आणि आगळ. अर्धा लिटर आगळ. आगळ मिठातच काढतात, हे मी सांगायचं? मीच ते बनवतो, विकतो. बाटलीवर छापतो. नऊ जणांनी ती बिअर प्यायली होती.

एप्रिलच्या शेवटी, पावसाआधीची बैठक मालवणला झाली. सर आले. पहिल्यांदा सगळे जरा अवघडले, मग ते खाटेवर बसले आणि त्यांनी स्वतःच पेटीतून बाटली काढली तेव्हा मोकळे झाले. देवगडचा मुलगा वीस लिटरमधून बारा बाटल्या घेऊन आला होता. त्याने सरांच्या ग्लासात ओतली. सरांनी घोट घेतला, मान हलवली, कडवटपणाचं काही विचारलं त्याला. मग ग्लास माझ्या हातात दिला. ‘नाक तुझं. सांग त्याला.’

मी ग्लास मुठीत धरला. कोमट होऊ दिला. समुद्रावरून वारा येत होता म्हणून पाठ करून बसलो. दवाखाना नव्हता. पुन्हा हुंगलं, खरोखरच नव्हता. पाव होता, संत्र्याची साल होती. आणि त्यांच्या मागे, अगदी बारीक, काहीतरी गुळगुळीत. घोट घेतला, गिळला, श्वास सोडला. मुलगा समोर उभा होता. यावेळी त्याच्या हातात ग्लास होता.

‘किती दिवस ठेवलीस?’ मी विचारलं.

‘चार दिवस. बुडबुडे थांबले म्हणान बर्फात ठेवलंय, दादा. बैठक इली होती ना जवळ.’

‘हुंग परत. घरात काय कढवताना हा वास येतो?’

त्याने ग्लासात नाक घातलं.